लाल बटण कोणी दाबायचं नाही

"मला विचारून काही उपयोग नाही गं. मला कोणीही 'ठीक आहात ना?' असं विचारलं की मी 'ठीक' म्हणते. ती माझी खोडच आहे," खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं. "एकदा डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी विचारलं, कशा आहात? म्हटलं, ठीक. ते म्हणाले, मग आलात कशाला? मला त्यांचं म्हणणं पटलं. उठून घरी आले."

यावर चिऊची आई खळखळून हसली, "काकू, तुम्ही म्हणजे ना!" असं म्हणाली आणि एक ॲप घालायला काकूंच्या फोनचा पासवर्ड विचारायला लागली. इतक्या सरळ भाषेत दिलेला इशारा हसण्यावारी नेणारी ही बाई चिऊ व्हायच्या आधी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करत होती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूत कुठे काय बिघडू शकेल याचा दिवसभर विचार करायचा आणि त्याबद्दल महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. काळजी करण्याचे पैसे मिळणारं दुसरं काम तिला माहीत नव्हतं. चिऊ झाल्यावर तिने नोकरी सोडली आणि काळजी तेवढी फुकटात चालू ठेवली.

"पुन्हा कधीही धरता येईल," असं तेव्हा सगळे म्हणाले होते. आता धरायला गेली, तर जो तो 'गॅप' म्हणायचा. तुमच्या कामात गॅप दिसतोय. हा गॅप कसला? हा शब्द ते अशा सुरात उच्चारत, जणू मधली वर्षं ती तुरुंगात होती. 'गॅप नाही हो, मुलगी आहे,' असं ती सांगायची. मग पलीकडून 'अरे वा!' यायचं आणि त्यानंतर काहीच यायचं नाही.

नवरा समजूत काढायचा. "नाही मिळाली तर नाही. घरी आहेसच की."

तो चांगल्या मनानेच म्हणायचा. पण ते 'आहेसच की' तिला कपडे वाळत घालताना टोचायचं, भांडी लावताना टोचायचं. कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या पंख्याबद्दल बोलावं, तसं ते वाटायचं.

अशात एका स्टार्टअपने तिला बोलावलं. स्टार्टअप म्हणजे नुकतीच चालायला लागलेली कंपनी. अशा वयाशी व्यवहार करण्यात चिऊची आई चांगलीच मुरलेली होती. दिसेल तिकडे धावायचं, दिसेल त्यावर आपटायचं आणि मध्येच आडवं पडून मोठ्याने रडायचं. हे तिला नवीन नव्हतं. पण ही एकच कंपनी गॅप ऐकूनही पुढे बोलली होती. ही हातची गेली तर पुन्हा आपल्याला कोणी विचारणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि तिच्या मनाने एकदा काही घेतलं की ते परत द्यायचं नाही.

पहिला फोन आला तेव्हा चिऊच्या डोक्याला साबण लागलेला होता.

"फार काही नाही, मॅडम, नुसत्या गप्पा," एच.आर.वाली मुलगी म्हणाली. "एक गमतीचा प्रश्न आहे. तुम्ही घरातली एखादी वस्तू असतात, तर कोणती असतात?"

"दाराची साखळी," चिऊची आई एका हाताने चिऊचे डोळे झाकत म्हणाली.

"ओ! का?"

"कोण आलंय ते बघितल्याशिवाय उघडत नाही."

पलीकडे बराच वेळ टंकण्याचा आवाज येत राहिला. त्या नुसत्या गप्पा नव्हत्या, ती मुलाखतीची पहिली फेरी होती, हे तिला दुसरी फेरी पार पडल्यावर समजलं.

दुसऱ्या फेरीत घरचा अभ्यास मिळाला. कंपनीचं ॲप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी होतं. रोज सकाळी फोन घंटी वाजवून विचारायचा, 'आज ठीक आहात ना?' खाली दोन ढब्बू बटणं. हिरवं दाबलं तर ठीक, लाल दाबलं तर ठीक नाही. लाल दाबलं किंवा काहीच दाबलं नाही, की त्या माणसाच्या मुलाला नाहीतर मुलीला लगेच फोन जायचा. चिऊच्या आईने हे ॲप ओळखीतल्या वयस्कर माणसांकडून काही दिवस वापरून घ्यायचं, आणि कुठे काय अडतं ते शेवटच्या फेरीत कंपनीच्या मालकाला सांगायचं. प्रत्येक माणसाचा एक ठिपका तिच्या पडद्यावर दिसायचा, हिरवा, लाल किंवा काहीच न दाबल्यास कोरा, आणि ते ठिपके तिथे मालकाला दाखवायचे.

वयस्कर माणसांचा त्या इमारतीत तुटवडा नव्हता. खालच्या काकू होत्या. समोरच्या दारात मॅनेजरकाका होते, बँकेतून निवृत्त झालेले, पण मनाने अजून केबिनमध्येच बसलेले. सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते 'वयस्कर' या शब्दावर अडून बसले आणि 'अनुभवी' म्हटल्यावर तयार झाले.

मग सल्ले सुरू झाले. मॅनेजरकाकांनी तिला जिन्यात थांबवून मुलाखत कशी द्यावी हे शिकवलं. "मी शेकडो मुलाखती घेतल्या आहेत. उत्तर येत असलं तरी आधी थोडं थांबायचं. म्हणजे समोरच्याला वाटतं, माणूस विचार करतोय."

"आणि येत नसलं तर?"

"तरीही तेवढंच थांबायचं. मग त्याला फरक कळत नाही."

वरच्या मजल्यावर फरशा फोडण्याचं काम चाललं होतं. मुलाखतीच्या सकाळी तेवढं बंद ठेवा, असं ती सेक्रेटरींना विनवायला गेली. ते म्हणाले, अर्ज द्या. तिने अर्ज दिला. ते म्हणाले, यात कारण 'वैयक्तिक' लिहिलंय, वैयक्तिक कारणासाठी सोसायटीला शांतता देता येत नाही. तिने 'शैक्षणिक' लिहिलं. तेव्हा जिन्यात सूचना लागली : 'एका सभासदाची परीक्षा असल्याने सकाळी फोडाफोड करू नये. हुकमावरून.' त्या दिवसापासून इमारतीतली मुलं चिऊच्या आईकडे दयेने बघू लागली.

इकडे ॲप मात्र अगदी दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. रोज सकाळी सगळे ठिपके हिरवेगार. मॅनेजरकाकांचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा, असा की भिंतच खोकतेय असं वाटावं, आणि ठिपका हिरवा. सेक्रेटरींची दाढ सुजून गालावर लिंबाएवढा फुगवटा आला होता, ठिपका हिरवा.

"काका, एवढा खोकला आहे आणि ठीक कसं दाबलंत?" तिने विचारलंही होतं.

"हा खोकला धरायचा नसतो. हा जुना आहे," मॅनेजरकाका म्हणाले आणि घाईघाईने दार लावून आत खोकायला गेले.

दुसऱ्या कुणाचं काम असतं, तर तिला तिथल्या तिथे संशय आला असता. सगळंच बरोबर चाललंय म्हणजे आपण नीट तपासलेलं नाही, हे तर तिच्या धंद्यातलं अगदी पहिलं पान. पण त्या हिरव्या ठिपक्यांकडे बघून तिला फार बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी आपण काहीतरी केलं आणि ते सगळ्यांना दिसेल असं झालं, असं वाटत होतं. माणसाला बरं वाटायला लागलं की त्याची नजर जरा मंद होते. तिचीही झाली.

शेवटच्या फेरीच्या सकाळी सगळं ठरलेलं होतं. नवरा कामावर गेला की काकू वर येणार आणि चिऊला खेळवणार. तसं चिऊ आणि काकूंचं रोजचं बोलणं फरशीतूनच चालायचं. सकाळी उठल्यावर चिऊ दोन्ही पाय आपटून जमिनीवर धबधब करायची. खालून काकू लांब दांड्याच्या झाडूने छतावर ठकठक करायच्या. त्याचा अर्थ, उठले गं बाई. मग चिऊ आणखी एकदा आपटायची. याचा अर्थ काय, ते त्या दोघींनाच माहीत.

वेळ झाली तरी काकू वर आल्या नाहीत. तिने फोन लावला.

"काकू, येताय ना?"

"येते गं. जरा उशीर होतोय. तू सुरू कर."

"ठीक आहात ना?"

"ठीक आहे की! तू आधी बस त्या लोकांसमोर. आणि सगळं नीट सांग, घाबरू नकोस."

आवाज खणखणीत होता. फोन ठेवता ठेवता पडद्यावर काकूंचा ठिपकाही हिरवा झाला. चिऊची आई निर्धास्त झाली. चिऊपुढे रंगीत ठोकळ्यांचा ढीग ओतला. लॅपटॉप चेहऱ्याच्या उंचीला यावा म्हणून टेबलावर पालथी बादली ठेवली होती, तिच्यासमोर ती ताठ बसली.

पडद्यावर एच.आर.वाली होती आणि कंपनीचा मालक होता. मालक म्हणजे तिच्याहून लहानच असावा. वय वाढवण्यासाठी त्याने भरपूर दाढी ठेवली होती. तो भला वाटला. दूरच्या गावी आपली आई एकटी राहते, तिच्यासाठीच हे ॲप सुचलं, असं त्याने सांगितलं आणि लगेच स्वतःच्या फोनवरचा आईचा हिरवा ठिपका कॅमेऱ्यापुढे धरून दाखवला. एखाद्याने बाळाचा फोटो दाखवावा तसा.

चिऊच्या आईने मॅनेजरकाकांच्या शिकवणीप्रमाणे प्रत्येक उत्तराआधी थांबायला सुरुवात केली. "तुमचा आवाज तुटतोय का?" असं त्याने विचारल्यावर ते बंद केलं. त्यानंतर मुलाखत चांगली रंगली. तिने आपली माणसं दाखवली. एकही लाल नाही, एकही कोरा नाही. दाढीवाल्याचा चेहरा उजळला.

"इतकी स्वच्छ माहिती अजून कोणीच आणली नव्हती," तो म्हणाला.

तेवढ्यात मागे धबधब सुरू झालं. चिऊला ठोकळ्यांचा कंटाळा आला होता.

"सॉरी, ते मागे काय वाजतंय?"

"माझी मुलगी," ती कानापर्यंत लाल झाली. "खालच्या काकूंना हाक मारतेय. चिऊ, बास!"

चिऊने आणखी जोरात पाय आपटले. मग खाली वाकून फरशीला कान लावला.

"छान आहे की. मग काकू काय करतात?"

"त्या खालून झाडूने उत्तर..." असं म्हणता म्हणता चिऊची आई थांबली. या वेळचं थांबणं शिकवलेलं नव्हतं.

फोडाफोड बंद होती. जिना गप्प होता. अर्ज देऊन, कारण बदलून तिने जी शांतता मिळवली होती, तिच्यात खालून काहीच ऐकू येत नव्हतं. आणि आता तिला आठवलं, आज सकाळपासूनच आलेलं नाही.

"पण त्या ठीक आहेत ना?" दाढीवाला म्हणाला. "हा काय त्यांचा ठिपका. हिरवा."

"हो," ती म्हणाली. "पण त्या उत्तर देत नाहीयेत." मग उठलीच. "मी आले दोन मिनिटांत. माफ करा."

"मॅडम, ही शेवटची फेरी आहे," एच.आर.वाली हळूच म्हणाली. ती मुलगी काही वाईट नव्हती. शक्य तेवढं सावध करत होती.

चिऊला कडेवर उचलून जिना उतरताना तिला स्पष्ट दिसत होतं, की आपण नोकरी त्या पालथ्या बादलीवर ठेवून आलो आहोत. काकू आंघोळीला गेल्या असतील. किंवा नुसत्या झाडू कुठे ठेवलाय ते शोधत असतील. आपण दारात जाऊ, त्या म्हणतील, अगं ही काय वेळ! मग वर जाऊन काय सांगायचं? झाडू वाजला नाही म्हणून मुलाखतीतून उठले, असं? तरी पाय थांबले नाहीत. काकूंची एक किल्ली तिच्याकडे असायची. तिने दार उघडलं.

काकू स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. ओट्याला पाठ लावून बसलेल्या, एक पाय लांब पसरलेला आणि सुजलेला. चेहरा पांढरा पडला होता. हातात फोन होता.

"काकू!"

"अगं, तू इथे काय करतेस?" काकू तिच्यावरच ओरडल्या. "मुलाखत सोडून आलीस? जा आधी वर!"

"कधी पडलात?"

"सकाळी. पाणी सांडलं होतं, पाय सरकला. काही नाही गं, ठीक आहे."

"ठीक?" चिऊची आई खालीच बसली. "काकू, तुम्ही पडलेल्या होतात आणि हिरवं बटण दाबलंत?"

"मग काय लाल दाबणार? आजच्या दिवशी? मॅनेजरनी सगळ्यांना जिन्यात बोलावून बजावलं होतं, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे, लाल बटण कोणी दाबायचं नाही. एक लाल आलं तरी तुझे मार्क कापले जातात म्हणे. सेक्रेटरी बिचारा दाढ धरून हिरवं दाबतोय. आणि मी, तुझ्या पायाखाली राहणारी, मी लाल दाबू?"

चिऊच्या आईला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही एकदम येत असलं की तोंडाचं जे काही होतं, ते बघून चिऊ घाबरली आणि तिने भोकाड पसरलं. त्या आवाजाने मॅनेजरकाका खोकत खाली आले. डॉक्टरांचा नंबर चिऊच्या आईच्या मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल वर राहिला होता. तो आणायला मॅनेजरकाकांना वर पाठवलं.

ते गेले ते आलेच नाहीत. शेवटी गलका ऐकून आलेल्या सेक्रेटरींकडे नंबर निघाला, त्यांच्या फोनवरून डॉक्टरांना बोलावलं. पाय मोडला नव्हता, हाडाला तडा गेला होता. काकूंना पलंगावर नीट झोपवून, सेक्रेटरींना त्यांच्याजवळ बसवून ती वर आली, तर दारातूनच खर्जातला आवाज ऐकू आला.

"पगार महिन्याच्या सुरुवातीला देता की शेवटी? थांबा. नीट विचार करून सांगा. घाई नाही."

तिच्या खुर्चीत मॅनेजरकाका बसले होते. समोर पडद्यावर एच.आर.वाली खाली मान घालून उत्तरं देत होती. दाढीवाल्याची खुर्ची रिकामी होती.

"कंपनी लहान आहे, पण पोरं प्रामाणिक वाटतात," काकांनी उठता उठता शेरा दिला. "मालकाला मी घरच्यांबद्दल विचारलं. तो उठूनच गेला."

"सर त्यांच्या आईला फोन करायला गेलेत," एच.आर.वाली म्हणाली. "काकांनी त्यांना खालचं सगळं सांगितलं."

थोड्या वेळाने दाढीवाला परत येऊन बसला. आधीच्यापेक्षा लहान दिसत होता.

"आई म्हणाली, ठीक आहे," तो म्हणाला. मग आईचा हिरवा ठिपका पुन्हा कॅमेऱ्यापुढे धरला. "आता यावर मी काय करायचं?"

चिऊच्या आईचे केस विस्कटलेले होते, शर्टाला काकूंच्या स्वयंपाकघरातलं पाणी लागलेलं होतं. नोकरी गेलीच आहे, तर निदान खरं बोलू, असं तिने ठरवलं.

"माझी सगळी माहिती खोटी आहे," ती म्हणाली. "एकही ठिपका धरू नका. बटणात काही बिघाड नाही, घंटी वेळेवर वाजते. तुमचा प्रश्नच चुकलाय. 'ठीक आहात ना?' या वाक्यात तुम्ही उत्तर आधीच देऊन टाकलंय, समोरच्याने नुसती मान डोलवायची. त्यातून ही माणसं आयुष्यभर कोणाला त्रास नको म्हणून ठीक म्हणत आलेली. त्यांना असं विचारा, की ठीक हे उत्तरच बसणार नाही. काल काय खाल्लंत? खिडकी कोणी उघडली? आईंना विचारा, आज कोणती चप्पल घातली होती. सांगता आलं नाही, तर त्या बाहेर गेलेल्याच नाहीत."

दाढीवाल्याने पुन्हा फोन उचलला आणि तसाच उठून गेला. मुलाखत संपली की नाही हे कोणीच सांगितलं नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. कंपनी गप्प होती. नवरा रोज येऊन विचारायचा, "काय, ठीक ना?" आणि ती रोज म्हणायची, "ठीक." तिसऱ्यांदा की चौथ्यांदा असं म्हणताना तिचा हात हवेतच थांबला. मग तिने इस्त्री बाजूला ठेवली, नवऱ्याला समोर बसवलं आणि 'आहेसच की'बद्दल सगळं एकदाचं सांगून टाकलं. तो गोंधळला. "मग आधी का नाही बोललीस?" त्याने विचारलं. पण त्या संध्याकाळची भांडी त्याने घासली.

आणि मग दाढीवाल्याचाच फोन आला. आईची चप्पल कित्येक दिवस दारामागेच होती, गुडघे धरले होते, आता तो तिला आपल्याकडे घेऊन आला होता. "आमच्याकडे ॲप बनवणारे पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "प्रश्न चुकलाय असं सांगणारं कोणी नाहीये. कधीपासून येता?"

मॅनेजरकाका अजूनही सांगतात, की मालकाला आपण जरा दाबून विचारलं म्हणूनच नोकरी लागली.

आता चिऊची आई सकाळीच कामाला जाते आणि चिऊ, अर्धवट झोपेतच, पाळणाघरात. काम आवडतं. गॅपबद्दल कोणी बोलत नाही. पण कंपनीतल्या त्या काचेच्या खोलीत बसून तिला रोज एकच वाटतं, की ज्या फरशीतून सगळं कळायचं, तिच्यावर आता सकाळी पाय आपटणारं कोणी नाही. काकूंना तिने ॲपमधले सगळे नवे प्रश्न घातले आहेत. त्या उत्तरंही देतात. काल काय खाल्लं, खिडकी कोणी उघडली, सगळं तपशीलवार. पण त्या फार हुशार बाई आहेत. उत्तरं आता त्यांना पाठ झाली असणार, अशी तिला शंका आहे.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. पत्ता लिहिलेला सेक्रेटरींना आवडणार नाही, पण घर सापडायला सोपं आहे. जिन्यात जुनी सूचना अजून लटकते आहे, तिच्या बाजूचंच दार. सकाळच्या वेळी त्या बाजूने गेलात, तर बेल वाजवा. दार उघडायला वेळ लागेल, तेवढं थांबा. 'ठीक आहात ना?' असं विचारू नका, त्या ठीक म्हणतील आणि तुम्ही परत फिराल. प्यायला पाणी मागा. आणि त्या आणायला आत जातील, तेव्हा कशा चालतात तेवढं बघा.